ताईंच्या फाइलमधला तो कागद

पत्र: माझी मोठी बहीण ४३ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिला ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. पहिल्या केमोथेरपीनंतर ती रेमिशनमध्ये आली, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला, आणि आता पुढची आवर्तने चालू आहेत. निदानाच्या वेळी तिच्या लेखी संमतीने बोन मॅरोचा थोडा नमुना एका संशोधन प्रकल्पासाठी घेतला होता. परवा फाइल लावताना त्या प्रकल्पाचा एक कागद हाती लागला. टी पेशींवरील पीडी-१ आणि टिम-३ हे ‘इम्यून चेकपॉइंट’ रेणू वाढलेले आहेत, असे त्यात लिहिले आहे. मी रात्रभर इंटरनेटवर वाचत बसलो. बहुतेक संशोधन-निबंधांत दोन रेघांची एक आकृती असते आणि ज्यांचे हे रेणू जास्त, त्यांची रेघ लवकर खाली येते. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “त्या कागदाकडे लक्ष देऊ नका.” आजार उलटणार, म्हणजे पुन्हा डोके वर काढणार, असे समजायचे का? ही तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून घ्यावी का? हे रेणू रोखणारी औषधे आहेत असे वाचले, ती आत्ताच मागावीत का? आणि ताईला हे सांगावे की नाही? तिला अजून काहीच माहीत नाही. — एक भाऊ

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणे मागाहून सांगते. त्या कागदावरून ताईंचा आजार उलटेल असा निष्कर्ष काढता येत नाही, उलटणार नाही असाही काढता येत नाही, आणि त्यावरून आजच्या उपचारात काही बदल करण्यासारखेही नाही. डॉक्टरांनी सांगितले ते बरोबर आहे. मात्र रात्रभर जागून वाचलेल्या माणसाला “लक्ष देऊ नका” एवढे उत्तर पुरत नाही. लक्ष का द्यायचे नाही, हे समजल्याशिवाय मन त्या कागदापासून हटत नाही, म्हणून ते कारण जरा सविस्तर लिहिते.

आपल्या रक्तातील टी पेशी परक्या आणि बिघडलेल्या पेशी ओळखून त्यांना मारतात. ही ताकद मोकाट सुटली तर ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, म्हणून निसर्गाने या पेशींना लगामही दिले आहेत. कागदावरचे ‘इम्यून चेकपॉइंट’ रेणू म्हणजे हेच लगाम. सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे त्यांतले सर्वाधिक अभ्यासलेले दोन. सीटीएलए-४ नसलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच मरतात, कारण त्यांच्या टी पेशी अनावर वाढून सगळ्या अवयवांत घुसतात. हे १९९५ मध्ये दिसून आले. पीडी-१ चा शोध जपानमधील तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये लागला. कर्करोगाच्या पेशी या लगामांचा गैरफायदा घेतात आणि लगाम सैल केला तर टी पेशी पुन्हा लढू शकतात, या विचारातून पुढे औषधे आली. त्यातले पहिले, इपिलिमुमॅब, २०११ मध्ये अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्य झाले. जेम्स ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक याच कामासाठी मिळाले. टिम-३, लॅग-३ आणि टिजिट हे त्यानंतर अभ्यासात आलेले लगाम आहेत.

तुम्ही वाचलेल्या निबंधांमागची मांडणी साधारण अशी असते. एखादा शत्रू बराच काळ शरीरात ठाण मांडून बसला की त्याच्याशी सतत झुंजणाऱ्या टी पेशी हळूहळू थकतात. त्यांच्यावर एकामागून एक लगाम चढत जातात आणि त्या असूनही नसल्यासारख्या होतात. शास्त्रज्ञ या अवस्थेला थकवाच म्हणतात. ल्युकेमियात तर आजाराचे घर आणि प्रतिकारशक्तीचे जन्मस्थान एकच, म्हणजे बोन मॅरो. तेव्हा ज्या रुग्णाच्या टी पेशी अधिक थकलेल्या, त्याचा आजार पुढे अधिक त्रास देईल, असा तर्क करणे साहजिक आहे आणि तो निराधार नाही. अडचण तर्काच्या पुढे, मोजमापाशी सुरू होते.

पीडी-१ हा रेणू थकलेल्या टी पेशीवर असतो, तसाच नुकत्याच जाग्या होऊन कामाला लागलेल्या टी पेशीवरही असतो. किंबहुना टी पेशी चेतवली गेली की पीडी-१ वर येणे हा तिचा स्वाभाविक प्रतिसाद आहे. म्हणून ‘पीडी-१ वाढलेला’ या दोन शब्दांत, टी पेशी हरत आहेत की लढत आहेत, हे ठरत नाही. पीडी-१ आणि टिम-३ एकाच पेशीवर एकत्र सापडणे हे थकव्याच्या अधिक जवळ जाते, पण ते दोन्ही एकाच पेशीवर आहेत की वेगवेगळ्या पेशींवर, हे अहवालात स्वतंत्रपणे लिहावे लागते. तुम्ही उतरवलेल्या ओळीत तरी ते नाही. तेवढी माहिती असली तरी त्या पेशी प्रत्यक्षात मारू शकतात की नाही, हे वेगळ्या प्रयोगानेच कळते.

टिम-३ ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे आणि मला वाटते तुमचा बराचसा गोंधळ याच ठिकाणी झाला असावा. २०१० मध्ये जपानमधील संशोधकांनी दाखवले की ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या मूळ पेशींवर, म्हणजे ज्यांच्यापासून आजार पुन्हा पुन्हा उगवतो त्या पेशींवर, टिम-३ मोठ्या प्रमाणात असतो. निरोगी रक्ताच्या मूळ पेशींवर मात्र तो नसतो. या ल्युकेमियाचा प्रोमायलोसायटिक हा उपप्रकार याला अपवाद आहे. पुढे २०१५ मध्ये त्यांनीच असेही दाखवले की या पेशी गॅलेक्टिन-९ नावाचा पदार्थ स्वतःच बाहेर सोडतात, तो त्यांच्याच टिम-३ ला चिकटतो आणि त्यातून त्यांना वाढीचे बळ मिळते. याचा अर्थ, ल्युकेमियाच्या पेशीवरचा टिम-३ हा आजाराचा स्वतःचा अवयव आहे आणि टी पेशीवरचा टिम-३ हा प्रतिकारशक्तीचा लगाम. नाव एक आणि गोष्टी दोन. काही निबंध पहिल्याबद्दल बोलतात, काही दुसऱ्याबद्दल, आणि काहींनी तर संपूर्ण मॅरोतील पेशी एकत्र करून त्यांतील आरएनए, म्हणजे जनुकांचे संदेश, मोजलेला असतो, ज्यात कोणाचा टिम-३ किती हे वेगळे करता येत नाही. ताईंच्या कागदावर टी पेशींचा उल्लेख आहे. त्यामुळे ल्युकेमियाच्या पेशींवरील टिम-३ विषयी लिहिलेला निबंध त्यांना लागूच होत नाही.

नमुना केव्हा घेतला, यालाही तितकेच महत्त्व आहे. ताईंचा नमुना निदानाच्या दिवसाचा, म्हणजे मॅरो आजाराने भरलेला असतानाचा आहे. त्यानंतर केमोथेरपीने मॅरो जवळजवळ रिकामा झाला आणि नव्याने भरला. आज त्यांच्या मॅरोत ज्या टी पेशी आहेत, त्यांच्याविषयी तो कागद काहीही सांगत नाही. या विषयातील मला अधिक भक्कम वाटणारी काही निरीक्षणे निदानाच्या वेळची नाहीत, दात्याकडून मूळ पेशींचे प्रत्यारोपण झाल्यानंतरची आहेत. प्रत्यारोपणानंतर ज्यांच्या टी पेशींवर पीडी-१ भरपूर आणि सोबत टिम-३ होता, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण अधिक होते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. हे पटण्यासारखे आहे, कारण तिथे ल्युकेमियाला आवर घालण्याचे कामच दात्याच्या टी पेशींवर सोपवलेले असते. पण ती वेळ वेगळी, त्या टी पेशी वेगळ्या. शिवाय ॲझासिटिडीनसारखी या ल्युकेमियावरची औषधेही या रेणूंचे प्रमाण वाढवू शकतात, म्हणजे कधीकधी आपण आजार मोजत नसून आपल्याच औषधाचा परिणाम मोजत असतो.

आता त्या दोन रेघांकडे वळू. तुम्हाला ज्यांनी झोपू दिले नाही, त्या रेघांना कापलान-मायर आलेख म्हणतात. आडव्या बाजूला काळ असतो, उभ्या बाजूला अजून जिवंत किंवा आजारमुक्त असलेल्या रुग्णांचे प्रमाण. रेघ जिथे पायरी उतरते तिथे कोणाचे तरी दुःख असते, म्हणून हे आलेख आपल्या माणसाच्या काळजीत असताना वाचणे फार जड जाते. तरीही ते नीट वाचायला हवेत. रुग्णांचे दोन गट झाले कसे, हा पहिला प्रश्न. रेणूचे प्रमाण शून्यापासून वरपर्यंत सलग बदलत जाते. ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांच्यामधली सीमा संशोधक आखतात. ती मधोमध आखली तर निम्मे रुग्ण आपोआपच ‘जास्त’च्या गटात जातात. सगळ्या शक्य सीमा करून पाहून जिथे रेघा सर्वाधिक लांब जातात तीच सीमा निवडली, तर फरक प्रत्यक्षाहून मोठा दिसतो आणि दुसऱ्या गावच्या रुग्णांवर तपासला की विरघळतो. म्हणूनच अशा खुणांविषयीचे संशोधन कसे मांडावे याचे ‘रिमार्क’ नावाचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन २००५ मध्ये तयार झाले; सीमा कशी ठरवली हे स्पष्ट लिहावे, अशी त्यात अपेक्षा आहे. चेकपॉइंट रेणूंवरील सगळेच निबंध ती पाळत नाहीत. त्यांतले पुष्कळसे काही डझन रुग्णांवर आधारलेले असतात. आणखी एक गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. अमेरिकेतील कॅन्सर जीनोम ॲटलस प्रकल्पाने २०१३ मध्ये या आजाराच्या २०० प्रौढ रुग्णांची जनुकीय माहिती सर्वांसाठी खुली केली, हे फार मोठे काम झाले; पण त्याच रुग्णांची माहिती पुन्हा पुन्हा चाळून असंख्य निबंध लिहिले गेले आहेत. दहा निबंध एकच गोष्ट सांगताना दिसले तरी त्यांच्या मागे दहा स्वतंत्र रुग्णगट असतीलच असे नाही.

त्याहून खोल प्रश्न असा की रेणू स्वतः काही घडवतो आहे, की तो दुसऱ्या कशाच्या तरी सावलीसारखा मागे चालतो आहे? टीपी५३ हे जनुक बिघडलेल्या ल्युकेमियात पीडी-१ चा जोडीदार असलेला पीडी-एल१ अधिक आढळतो. टीपी५३ च्या बिघाडाने आजार मुळातच अवघड होतो. अशा रुग्णांना वेगळे न काढता केवळ पीडी-एल१ वर गट पाडले, तर रेघा दूर जाणारच, आणि श्रेय मात्र पीडी-एल१ ला मिळेल. निबंधात ‘बहुचल विश्लेषण’ असा भाग असतो. वय, जनुकीय गट आणि उपचार यांचा हिशेब धरल्यावरही रेणूचा संबंध टिकतो का, हे तिथे पाहायचे असते. पुढच्या वेळी वाचायला बसाल तेव्हा आकृतीआधी तो तक्ता पाहा.

भक्कम खूण कशी असते, हे कळण्यासाठी एक उदाहरण देते. एनपीएम१ या जनुकात बदल असलेल्या रुग्णांचा एक ब्रिटिश अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३४६ रुग्ण होते. केमोथेरपीच्या दुसऱ्या आवर्तनानंतरही ज्यांच्या रक्तात त्या बदललेल्या जनुकाच्या खुणा शिल्लक होत्या, त्यांच्यात तीन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ८२ टक्के होते. ज्यांच्यात त्या नव्हत्या, त्यांच्यात ३० टक्के. हा निष्कर्ष दुसऱ्या, स्वतंत्र रुग्णगटातही पडताळून पाहिला गेला. इतका स्पष्ट फरक असल्यामुळेच ही तपासणी आज नित्याच्या उपचारात आली आहे. आणि तरीही त्या पहिल्या गटातील प्रत्येक १०० जणांमागे १८ जणांचा आजार त्या काळात उलटला नाही, आणि दुसऱ्या गटातील ३० जणांचा उलटला. इतकी चांगली खूणही एका माणसाविषयी शक्यताच सांगते. टी पेशींवरचा पीडी-१ तर या पंक्तीच्या जवळपासही पोहोचलेला नाही.

ताईंविषयी डॉक्टर ज्यांवरून अंदाज बांधतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. युरोपियन ल्युकेमिया नेटने २०२२ मध्ये सुधारलेली वर्गवारी जगभर वापरली जाते. तिच्यात आजाराचे अनुकूल, मध्यम आणि प्रतिकूल असे गट गुणसूत्रांतील आणि जनुकांतील बदलांवरून पाडतात. ८ आणि २१ या गुणसूत्रांमधील अदलाबदल, १६ व्या गुणसूत्रातील उलटापालट, किंवा एफएलटी३-आयटीडी (एफएलटी३ या जनुकातील एक विशिष्ट बदल) सोबत नसलेला एनपीएम१ मधील बदल हे अनुकूल गटात येतात. एफएलटी३-आयटीडी असेल आणि प्रतिकूल बदल नसतील तर आजार मध्यम गटात. टीपी५३ मधील बिघाड किंवा गुणसूत्रांतील गुंतागुंतीचे बदल प्रतिकूल गटात. त्यानंतर उपचाराला मिळालेला प्रतिसाद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा शिल्लक आजार, ज्याला एमआरडी म्हणतात, हे ठरवते की अंदाज वर सरकवायचा की खाली. या वर्गवारीत एकही चेकपॉइंट रेणू नाही. तो विसरला गेला म्हणून नव्हे; आतापर्यंतचा पुरावा त्याला तिथे बसवण्याइतका झालेला नाही म्हणून. तुमच्या फाइलमध्ये जनुकीय तपासणीचा आणि एमआरडीचा कागद असेल. रात्री जागून वाचायचाच असेल तर तो वाचावा, असे मी सुचवीन, आणि त्याहून बरे म्हणजे दिवसा, डॉक्टरांसमोर बसून.

पुन्हा तपासणी करून घ्यावी का, याचे उत्तर थोडक्यात देता येते: घेऊ नये. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे चमकणारी प्रतिद्रव्ये चिकटवून पेशींवरचे रेणू मोजण्याच्या पद्धतीत, कोणते प्रतिद्रव्य वापरले, कोणत्या पेशी मोजणीत धरल्या, नमुना ताजा होता की गोठवलेला, आणि निकाल टक्केवारीत दिला की चमकेच्या तीव्रतेत, यांवर आकडा बदलतो. रक्तातील हिमोग्लोबिनसारखी या रेणूंसाठी सर्वमान्य सामान्य मर्यादा नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा वेगळा आला तर तुम्ही तिसरीकडे जाल, आणि प्रत्येक वेळी मॅरोची सुई ताईंना टोचली जाईल.

औषधांचा प्रश्न मात्र तुम्ही योग्य विचारला आहे आणि त्यावर मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण ‘हा रेणू वाईट, हा रेणू रोखणारे औषध आहे, म्हणून ते द्या’ ही साखळी सरळ वाटते आणि हुशार माणसेही तिच्यात अडकली आहेत. एखादी खूण आजाराचा पुढचा मार्ग सुचवते, यावरून त्या खुणेवर नेम धरलेले औषध लागू पडेल असे होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण सीडी४७ चे आहे. हा रेणू टी पेशींना नाही, तर पेशी गिळून टाकणाऱ्या मॅक्रोफेजना ‘मला खाऊ नका’ असा इशारा देतो. ल्युकेमियाच्या मूळ पेशींवर तो अधिक असतो आणि जितका अधिक तितका आजार अवघड, हे २००९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. जीवशास्त्र सुंदर होते, खूण बऱ्यापैकी पक्की होती, उंदरांमधील प्रयोग यशस्वी झाले. त्यावर मॅग्रोलिमॅब हे औषध तयार झाले. मोठ्या यादृच्छिक चाचण्यांत, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून केलेल्या तुलनेत, मात्र ते उतरले नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये त्या एकामागून एक थांबवाव्या लागल्या, आणि शेवटच्या चाचणीत तर औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका वाढल्याचे आढळले. टिम-३ रोखणारे सॅबॅटोलिमॅब मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या जवळच्या आजारात तपासले गेले आणि त्याच्या मोठ्या चाचणीतही अपेक्षित फायदा दिसला नाही. इतक्या आशेने चाललेले काम असे थांबते तेव्हा वाईट वाटते, पण या चाचण्यांमध्ये स्वतःहून सहभागी झालेल्या रुग्णांमुळेच इतर हजारो जण एका निरुपयोगी, कदाचित घातक औषधापासून वाचले, हेही तितकेच खरे आहे.

पीडी-१ च्या बाबतीत चित्र पूर्ण निराशेचे नाही, पण आशेला हुरळून जाण्याइतके कारणही नाही. आजार उलटलेल्या किंवा न हटलेल्या ७० रुग्णांना ॲझासिटिडीनसोबत पीडी-१ रोखणारे निवोलुमॅब दिले गेले, तेव्हा साधारण एक तृतीयांश जणांना प्रतिसाद मिळाला. हा निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मॅरोत उपचाराआधीपासूनच टी पेशींचे प्रमाण अधिक होते, त्यांना प्रतिसाद मिळण्याची शक्यता जास्त दिसली. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ॲझासिटिडीन एकटे आणि ॲझासिटिडीनसोबत पीडी-एल१ रोखणारे दुर्व्हालुमॅब अशी यादृच्छिक तुलना वयस्कर रुग्णांमध्ये झाली, तेव्हा जोडऔषधाने अधिक फायदा झाला नाही. प्रत्यारोपणानंतर रक्ताचा कर्करोग उलटलेल्या २८ रुग्णांना इपिलिमुमॅब दिल्याचा अभ्यास २०१६ चा आहे. मोठी मात्रा मिळालेल्या २२ जणांपैकी ५ जणांचा आजार पूर्णपणे नाहीसा झाला आणि त्यांत त्वचेत उतरलेल्या ल्युकेमियाचे रुग्णही होते. हे निरीक्षण मला आजही विलक्षण वाटते. पण लगाम काढला की दात्याच्या टी पेशी रुग्णाच्या निरोगी अवयवांवरही धावून जाऊ शकतात, आणि तसे काही जणांच्या बाबतीत घडलेही. रेमिशनमध्ये असलेल्या आणि नेहमीच्या उपचारांना प्रतिसाद देत असलेल्या तुमच्या ताईंना चाचणीबाहेर हे औषध देण्यात नुकसानाची शक्यता खरी आहे आणि फायद्याचा पुरावा नाही. पुढे कधी रीतसर चाचणी सुचवली गेली तर तिच्याविषयी जरूर विचारा. तेव्हा उत्तर वेगळे असू शकते.

हे सदर वाचणाऱ्यांत ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असलेल्या मुलांचे पालकही आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. त्या आजारातही, मुलांच्या मॅरोतील टी पेशींवर टिम-३ अधिक असणे आणि आजार उलटणे यांचा संबंध २०२० मध्ये मांडला गेला आहे, पण उपचाराची दिशा तिथेही एमआरडीच ठरवतो, आणि तो सहसा दहा हजारांत एक पेशी इतक्या बारकाईने मोजतात. टी पेशींना ल्युकेमियाच्या पेशींशी जोडणारे ब्लिनाटुमोमॅब हे औषध दिल्यावर ल्युकेमियाच्या पेशी पीडी-एल१ वाढवून टी पेशींना चकवतात, असेही काही रुग्णांत दिसले आहे. आजार टी पेशींचाच असेल तर लगाम काढण्याबाबत दुप्पट सावध राहावे लागते. प्रौढांमधील टी पेशींच्या एका ल्युकेमिया-लिम्फोमात निवोलुमॅबच्या पहिल्याच मात्रेनंतर तीन रुग्णांचा आजार झपाट्याने वाढल्याची नोंद २०१८ मध्ये झाली, कारण तिथे जिचा लगाम काढायचा तीच पेशी कर्करोगाची असते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला बाकी सगळ्यांहून महत्त्वाचा वाटतो. नमुना ताईंचा आहे, संमतीची सही त्यांची आहे आणि तो कागदही त्यांचाच आहे. तो तुमच्या हाती आधी लागला हा योगायोग झाला. तो लपवून ठेवावा असे मला वाटत नाही, कारण फाइल घरात आहे आणि एखाद्या दुपारी तो त्यांना एकट्यात सापडला तर त्याही त्याच दोन रेघांपर्यंत पोहोचतील, आणि वर भावाने आपल्याला सांगितले नाही हे शल्य राहील. पण तुम्ही रात्रभर वाचलेले सगळे त्यांच्यापुढे ओतावे, असेही नाही. ताईंना आपल्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यांनाच विचारा. काही रुग्णांना प्रत्येक आकडा हवा असतो, काहींना फक्त पुढच्या आठवड्यात काय करायचे एवढेच हवे असते, आणि दोन्ही इच्छांचा मान राखायचा असतो. “संशोधनासाठी दिलेल्या नमुन्याचा एक कागद फाइलमध्ये आला आहे, त्यावरून उपचार ठरत नाहीत, तुला हवे असेल तर आपण डॉक्टरांकडून तो समजून घेऊ,” इतके म्हणणे पुरेसे आहे आणि ते खरेही आहे. तुम्हाला भीती वाटली, हेही सांगायला हरकत नाही. बहुतेक वेळा आजारी माणसाला घरच्यांची भीती आधीच कळलेली असते.

डॉक्टरांकडे जाताना शक्यतो ताईंसोबत जा आणि प्रश्न बदलून विचारा. पीडी-१ चे काय, असे न विचारता, ताईंचा आजार कोणत्या जनुकीय गटात बसतो, एमआरडी केव्हा आणि कोणत्या पद्धतीने तपासला, पुढची तपासणी कधी आहे, आणि प्रत्यारोपणाचा निर्णय कशावरून व केव्हा घेणार, असे विचारा. या प्रश्नांना “लक्ष देऊ नका” असे उत्तर कोणी देत नाही. संशोधन प्रकल्पाच्या संमतीपत्रावर संपर्काची जागा दिलेली असते. वैयक्तिक अहवाल रुग्णाच्या फाइलमध्ये ठेवणे त्यांच्या योजनेत होते का, आणि रेमिशनमधील नमुनाही ते घेणार आहेत का, हे तिथे विचारता येईल. संशोधनासाठी केलेल्या मोजणीचा कागद काहीही स्पष्टीकरण न देता रुग्णाच्या फाइलमध्ये जावा हे योग्य नाही, आणि तुमचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोहोचले तर पुढच्या कुटुंबाला तसा कागद हाती पडणार नाही.

जनुकीय तपासणीच्या अहवालातील एखादा शब्द अडला तर मला पुन्हा लिहा, मात्र ताईंना विचारून. त्यांनी स्वतः लिहिले तर मला अधिक आवडेल.